बोगद्याच्या तोंडावरची पुट्टी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण या खोलीत रंगाचे अकरा डबे आणि मी एवढेच मावतो, तेव्हा उभ्याउभ्याच घे. गुडघे कसे आहेत? (माझ्यापेक्षा बरेच असणार, मी पंधरा दिवस शिडीवर आहे.) काकांचा खोकला?

तर, नोकरी लागली. हसू नकोस. तुझ्या आजोबांनी ज्या रेल्वेच्या बोगद्यासाठी दगड घडवले, त्याच जुन्या बोगद्याचं आता संग्रहालय होतंय आणि मी तिथे रंगारी आहे. (त्याआधी आठवडाभर एका सर्कशीच्या मागे गेलो होतो, ते भेटीत सांगेन, दादांना कळवू नकोस.) पुढच्या शुक्रवारी उद्घाटन. परवा फलक आले आणि माझं डोकंच फिरलं. पहिल्या फलकावर इंजिनिअर. दुसऱ्यावर फीत कापणारा साहेब. तिसऱ्यावर त्या साहेबाचा घोडा, नावानिशी, आत्या! आणि नऊ वर्षं डोंगर फोडणारी माणसं? सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘आणि इतर’. त्या इतरांतले चाळीस जण सुरुंगात गेले. तापाने किती गेले ते मोजायचे कष्टही कोणी घेतले नाहीत. मी तडक व्यवस्थापकाकडे गेलो (खाली बसला तरी याची इस्त्री मोडत नाही) आणि विचारलं, “बोगदा घोड्याने खणला का?” तर म्हणतो, “माणसांच्या नावांचा पुरावा नाही. घोड्याचा आहे.”

पुरावा! रुळांवर आयुष्य घालवलेला एक म्हातारा मुकादम इथे फाटकाशी स्टुलावर बसतो. तो म्हणाला, “पुरावा भिंतीतच आहे की, शहाण्या. प्रत्येक पाथरवट आपल्या दगडावर खूण कोरायचा. दगड हलला तर कुणाची मान धरायची ते कळावं म्हणून.” म्हणजे बघ, दगड निखळला असता तर माणूस बरोबर सापडला असता! शंभर वर्षांत एकही निखळला नाही, म्हणून हे ‘इतर’! मी व्यवस्थापकाला ऐकवलं. तो म्हणाला, गुरुवारपर्यंत एक तरी खूण तिच्या माणसासकट दाखव, फलक बदलतो. मी धावत बोगद्याच्या तोंडाशी गेलो (मुकादमाला दमा आहे, तो मागून आला). आणि बघतो तर काय, एकूण एक खूण पुट्टीने बुजवून वर गुळगुळीत पिवळा रंग! हे ज्या कोणी केलं त्याच्या अकलेचा, हातांचा आणि सात पिढ्यांचा मी तिथेच उद्धार केला. मुकादम धापा टाकत माझ्याकडेच बघत होता.

रागाने अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे.

तुझा भाचा

ता. क. : तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला अडकण म्हणून लावलेली छिन्नी आजोबांचीच ना? लोहाराकडे हत्यारं बदलू नयेत म्हणून पाथरवट छिन्नीवरही आपलीच खूण करायचे, असं मुकादम सांगतो. ती खूण भिंतीवर सापडली की माणूसही सापडला. पत्र मिळताच पहिल्या गाडीने पाठव. खिडकीला काकांची काठी लाव.

ता. क. २ : पुट्टी मीच भरली. मला वाटलं ओरखडे आहेत. एकेक शोधून, बोट फिरवून, अगदी प्रेमाने भरले. “तेव्हाच का नाही सांगितलंत?” असं मुकादमाला विचारलं, त्यावर तो जे बोलला ते तुला लिहिण्यासारखं नाही.

ता. क. ३ : छिन्नीला धार लावूनच पाठव. सध्या भिंतीवर एकच नाव आहे, उजव्या कोपऱ्यात, ओल्या पुट्टीत तारखेसकट कोरलेलं. माझं. खरवडायला तिथूनच सुरुवात करतो.