अंबाडीचे यंत्र नथूला मिळणार नाही

मी, गिरजाबाई, मयत कोंडू वेखंडे यांची पत्नी, वय साठीच्या आसपास, धंदा अंबाडीचा वाख काढणे, राहणार खर्डी, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, नजर शाबूत आहे आणि मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारा अजून जन्मायचा आहे. हे शेवटचे वाक्य लेखनिक गाळू पाहत होते. मी म्हटले, मजुरी मी देते, तेव्हा लिहा.

१. राहते घर, यंत्राची शेड आणि टाकी यांची जागा सोडून बाकीचे परस आणि तांब्यापितळेची भांडी माझी मुलगी वेणू हिला मिळावी. तिला वैशाखऱ्यात दिली आहे. यंत्रावर तिचा दावा नाही. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आये, मला घर दे. यंत्राला तुझ्यासारखी भांडखोर बाई पायजे." पोरगी माझीच आहे.

२. आता यंत्र. याच्यासाठीच हा कागद आहे, बाकी सगळे तोंडी सांगून भागले असते.

माझे यजमान मुंबईला गोणपाटाच्या गिरणीत फिटर होते. गिरणीत नवी यंत्रे आली आणि जुनी भंगारात निघाली, तेव्हा त्यांनी आपल्या पगारातून उसाच्या चरकात असतात तशा लोखंडी रुळांची एक जोडी घेतली, रेल्वेने खर्डीला आणली आणि बैलगाडीतून दारात उतरवली. माझे धाकटे दीर बारकूभावजी यांचा त्यात एक खिळाही नाही. असे असून त्यांचा मुलगा नथू याने तालुक्याला अर्ज केला आहे की यंत्र एकत्र कुटुंबाचे आहे. त्याला ते मुरबाडला नेऊन बाहेरच्या मजुरांवर चालवायचे आहे. नथू, ते तुला मिळणार नाही. मी जिवंत असताना नाही आणि मेल्यावर तर नाहीच.

आमच्याकडे अंबाडी कापली की आधी डोहात सडवायची आणि मग बायांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सोलायची, अशी रीत. वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, मालकाचा, आणि सोललेल्या काड्या सोलणारीच्या, हीच तिची मजुरी. यजमानांनी रूळ बसवले तेव्हा आम्हीही रीतीप्रमाणे सडवलेली अंबाडीच आत घातली. दुसरे काही सुचलेच नाही. सगळा लगदा होऊन रुळांना गुंडाळला. बारकूभावजी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे हसले, "दादानं भंगार आनलं नि वयनीनं त्याचं पिठलं केलं!" त्यानंतर यजमान छातीच्या दुखण्याने गेले. गिरणीतली धूळ त्यांच्या छातीत बसली होती. यंत्र चाललेले त्यांनी पाहिले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

पुढे माझ्याकडे सोलायला येणारी कातकरीवाडीची भिमी मला म्हणाली, "काड्यांनी चूल पेटते गो बाय, पन चुलीवर काय ठेवू?" मी सोलणाऱ्या बायांना काड्यांबरोबर वाखाचाही वाटा दिला. गावाचे पित्त खवळले. मजुरी बिघडवते म्हणून भावजींनी पंच जमवले आणि मला डोहाची बंदी केली. ताज्या कापलेल्या अंबाडीचे भारे माझ्या अंगणात पडून राहिले. रागाच्या भरात मी एक हिरवाच भारा रुळांत कोंबला. काडी कडाकडा मोडून खाली पडली आणि साल फितीसारखी सबंध बाहेर आली. भिमी लगेच दुसरा भारा उचलायला धावली.

तेव्हापासून आम्ही हिरवी सालच काढतो आणि परसातल्या सिमेंटच्या टाकीत भिजवतो. डोहात कोणी उतरत नाही. काड्यांचा आता भुगा होतो, म्हणून त्याच्या बदली प्रत्येक भाऱ्यातला तिसरा हिस्सा वाख सोलणारीचा, असा ठराव आहे.

३. सदर यंत्र, त्याला पुढे जोडलेले तेलाचे इंजिन, पट्टे, टाकी आणि शेड, जमिनीसकट, मी भिमी सुक्या मुकणे हिला पूर्ण मालकीने देते. अट एकच: तिसऱ्या हिश्श्याचा ठराव मोडायचा नाही. मोडलास भिमे, तर भूत होऊन तुझ्या इंजिनात बसेन.

४. यजमानांचे पाने आणि हातोडी भिमीची मुलगी हौशी हिला. पोस्टातली शिल्लक शेडच्या पत्र्याला लावावी.

५. बारकूभावजींना डोह. तो माझा नव्हता, पण त्यांना तो इतका प्यारा आहे तर लखलाभ असो.

६. हा कागद मी मेल्यावर काढून वाचायचा नाही. येत्या शनिवारी देवळापुढे, मला समोर बसवून वाचायचा. ज्याला हरकत असेल त्याने माझ्या तोंडावर घ्यावी.

साक्षीबाबत लिहून ठेवते. गावातल्या दोन प्रतिष्ठितांनी सही करतो म्हणून सांगितले होते. आज सकाळी एकाला ताप भरला आणि दुसऱ्याला कल्याणला काम निघाले. कमळू तेवढा आला. तो रेल्वेत सांधेवाला आहे, भावजींना भीत नाही. पण साक्षीदार दोन लागतात. लेखनिक दौतीला बूच लावू लागले, तोच माझी धाकटी जाऊ सकुबाई ओटीवर येऊन उभी राहिली. बारकूभावजींची बायको, नथूची आई. डोहाच्या भांडणापासून तिने माझा उंबरा ओलांडला नव्हता.

"बाय, माझा अंगठा चालल का?"

लेखनिक म्हणाले, "बाई, हा कागद तुमच्या मुलाच्या विरुद्ध आहे."

"ठाव हाय. उद्या नथू कोर्टात बोलंल, काकीला येड लागलं व्हतं. तवा त्याला माझ्याकडं बघून बोलू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या घरात अजून डोहातच सोलतात गो. मीच सोलते."

मी पाट पुढे सरकवला.

ठिकाण खर्डी, तारीख ११ डिसेंबर १९६४.

लिहून देणार: गिरजाबाई कोंडू वेखंडे, सही दस्तुरखुद्द.

साक्षीदार:
१. कमळू जाणू भोईर, सही.
२. सकुबाई बारकू वेखंडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

लेखनिकाची टीप: साक्षीदार नं. २ यांच्या अंगठ्याच्या रेषा पाण्याने झिजून गेल्यामुळे ठसा दोनदा घेऊनही उमटला नाही. त्यांच्याच सांगण्यावरून पुरा पंजा उमटवून घेतला आहे.