मेमरीचा वेग आणि नानांचा आवाज

साडूभाऊ,

वाकून नमस्कार करायची इच्छा फार आहे, पण टेबलाखाली ओणवं राहून राहून कंबर धरली आहे; तेव्हा ताठ उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. म्हणजे आता ठीक. मधले काही दिवस नव्हते, आणि त्याला कारण मी. (थोडेसे तुम्हीही आहात, पण ते ओघाने येईल.)

तुम्हाला माहीतच आहे, घशाच्या ऑपरेशनमध्ये आपल्या सासऱ्यांचा, नानांचा, आवाज गेला. ज्या माणसाने उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली, ज्याच्या एका शब्दावर माणसं गाठोडी उचलून धावत सुटायची, तो माणूस पाटीवर लिहून पाणी मागतो, हे बघवत नाही. म्हणून हिने मनावर घेतलं. नानांच्या आवाजाच्या जुन्या कॅसेटी मिळवायच्या, त्यातली खरखर संगणकावर काढायची आणि त्यातून असा आवाज तयार करायचा की नानांनी टाइप करावं आणि यंत्राने त्यांच्या आवाजात बोलावं. कॅसेटी इतक्या जीर्ण, की काही तर एकदा वाजल्या आणि तुटल्या. उरलं ते फक्त आमच्या संगणकात. (दुसरीकडे नक्कल का ठेवली नाही, हे विचारू नका. ती चौकशी घरात झालेली आहे.)

आता काम चाललं होतं गोगलगाईच्या गतीने. ही तासन्‌तास कानाला हेडफोन लावून बसायची. मला वाटलं, यंत्र बिचारं थकलं. तुम्ही मागे फोनवर म्हणाला होतात, की मेमरीच्या पट्ट्यांचा वेग बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वाढवता येतो, पट्ट्यांच्या खोक्यावर लिहिलाय तेवढा ठेवायचा, बस्स. ही बाजारात गेल्याचं बघून मी तेवढा ठेवला. मग म्हटलं, एवढं आलोच आहोत तर आणखी थोडा. (तुमचा दोष ‘तेवढा’पर्यंत, ‘आणखी थोडा’ माझा.) सेव्ह केलं, संगणक पुन्हा सुरू झाला. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा ठिक्कर. आत मेमरीच्या खाचेशेजारी एक पिवळा दिवा माझ्याकडे टक लावून बघत होता.

मी बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तुमचा फोन लागेना. मग आठवेल ते केलं. वायर काढून आतला गोल सेल उपसला, म्हणजे म्हणे यंत्र केलेले बदल विसरतं. सेल परत बसवला, काळोख. दोन्ही पट्ट्या काढल्या, एकच लावली, काळोख. ती काढून दुसरी लावली, तोच काळोख. दर वेळी मी जीव मुठीत धरून थोडं थांबायचो आणि मग बटण दाबून बंद करायचो. नानांचा आवाज पहिल्यांदा डॉक्टरांनी घालवला आणि दुसऱ्यांदा जावयाने, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ही आली. टेबलावर सांडलेले स्क्रू पाहिले, माझं तोंड पाहिलं.

“अहो, काय केलंत?”

मी सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं. मी बटणाकडे हात नेला तशी म्हणाली, “आता हात लावायचा नाही. चालू आहे ना? असू दे चालू.” आणि खुर्चीत बसली. नाना आतून आले. त्यांना काय सांगावं या विचारात मी, तर त्यांनी सगळं ऐकलंच होतं. पाटीवर लिहिलं, “रद्द झाली असं कळेपर्यंत गाडी उशिरा आहे असंच धरायचं.” आणि तेही बसले. तिघं काळ्या पडद्यासमोर, कोणी वारल्याच्या घरी बसतात तसे.

आणि पडदा उजळला.

नंतर कळलं ते असं. बदल पुसले, पट्ट्या हलवल्या, की हे यंत्र प्रत्येक पट्टीला नव्याने पारखून घेतं. त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर ते तोंडातून ब्र काढत नाही. मी दर वेळी त्याची पारख अर्ध्यावर तोडत होतो. फायली सगळ्या जागच्या जागी होत्या. (पुढे एकदा खोक्यावरचाच वेग ठेवून पाहिला. सुरू झाला, पण मेमरीच्या चाचणीत चुकाच चुका. मुकाट्याने मूळ वेगावर आलो.)

काल आवाज तयार झाला. नाना टाइप करायला बसले. ही पदराचं टोक डोळ्यांशी धरून तयार. वर्षभराने पहिलं वाक्य! यंत्रातून खणखणीत नाना बोलले, “खिडकी लाव, वारा येतोय.”

हिने रडत रडत खिडकी लावली.

धाकट्या मेहुणीबाईंना आशीर्वाद.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. ही आत्ता म्हणाली, यंत्र संथ नव्हतंच कधी. एकेक शब्द तीच पुन्हा पुन्हा ऐकत बसायची. काम संपू नये असं वाटायचं तिला.

ता. ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. ऑपरेशन करायलाच हवं असं तुम्ही दवाखान्यात हट्टाने म्हणालात, आणि नाना तुम्हाला म्हणाले, “पुन्हा माझ्या घरात पाऊल ठेवू नका.” त्यांच्या स्वतःच्या गळ्यातून निघालेलं ते शेवटचं वाक्य, साडूभाऊ. आज सकाळपासून ते यंत्रावर तुमच्यासाठी काहीतरी टाइप करतात, पुसतात, परत टाइप करतात. रविवारी फोन येईल. घरीच राहा, आणि उचला.