रॉनीला प्रार्थना शिकवायची आहे

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख, उपासकाळ सुरू. नव्या फादरांचं प्रवचन कडक. म्हणाले, जो सकाळी देवापुढे एकटा बसत नाही, त्याची चर्चमधली सेवा म्हणजे नुसती धावपळ. बोलताना दोनदा माझ्याकडे बघितलं. आदर्श म्हणून बघितलं असणार. आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर, नेतो मी, चर्चच्या सणाच्या फीस्ट कमिटीचा सेक्रेटरी मी, माइक मी, खुर्च्या मी, गावठणाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी. अख्ख्या अंधेरीत एवढी सेवा करणारा दुसरा दाखवा.
तरी संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून वैयक्तिक प्रार्थना. शॅरनला सांगितलं. नवऱ्याचं कौतुक राहिलं बाजूला, म्हणाली, उठशील तेव्हा दुधाची पिशवी आत घे.

६ मार्च, पहाटे
उठलो. पण घरच्या अल्तारावरचा, येशूच्या तसबिरीपुढचा लाल बल्ब गेलेला. अंधारात मन कसं लागणार? स्टुलावर चढून होल्डर उघडला. ठिणगी उडाली, घरभर अंधार. त्या वेळी देवाचं नाव शॅरनने घेतलं, मी नाही.

९ मार्च, रविवार
रॉनीला हॉस्पिटलने घरी पाठवलं. चर्चमध्ये रविवारची मिस्सा झाल्यावर त्याची बायको मेलनी भेटली. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना आवडेल ते खायला द्या. याचा अर्थ लहान पोरालाही कळतो.
रॉनी आणि मी शाळेत एका बाकावर. पहिलं कम्युनियनही एकाच दिवशी घेतलं. पुढे लग्न-मयत सोडून तो चर्चची पायरी चढला नाही. काल मात्र फादरांना घरी बोलावून पापांचं कन्फेशन केलं, आणि आता दर रविवारी कम्युनियन हवंय. घेऊन लेस्टरनेच, म्हणजे मीच यायचं, असं बजावलंय. फार वाईट वाटलं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला लिहू.

१६ मार्च
रॉनीकडे गेलो. मेलनीने टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती मांडली होती. रॉनी निम्मा झालाय. कार्डावरची प्रार्थना वाचली, कम्युनियन दिलं, डबी बंद केली, निघालो. रॉनी म्हणाला, काय रे, पार्सलवाल्यासारखा काय पळतोस, बस ना. मग हळूच म्हणाला, यार, मला प्रार्थना येत नाय. डोळे मिटले की नुसती भीती वाटते. तू रोज करतोस ना? शिकव ना मला.
मी म्हटलं, अरे, त्यात काय! हे खोटं नव्हे. संकल्प झालेला आहे, फक्त अंमलबजावणी बाकी आहे. पण असलं काम उभ्या उभ्या होत नाही. नीट आखणी करतो.

१९ मार्च
प्रेझेंटेशन तयार. ‘प्रार्थनेच्या सात पायऱ्या’. मागे सूर्योदयाचा फोटो टाकलाय. पहिली पायरी, शांत जागा. दुसरी, ताठ पाठ. सातवी, आभार. मधल्यांवर काम चालू आहे. तूर्त तशीच रॉनीला पाठवली. त्याचं उत्तर आलं: सूर्योदय झकास. तू कधी येतोस?

२१ मार्च, शुक्रवार
चर्चमध्ये दिवसभर मूक आराधना, पाळीपाळीने बसायचं. दुपारचा तास माझ्याकडे. पंखा करकरत होता, तो बंद केला. बाक सरळ केले. फुलदाण्यांतलं पाणी बदललं. फादर जवळ येऊन कुजबुजले, लेस्टर, बस. बसलो. डोळे मिटले. विलक्षण खोल शांती लाभली. अँजेलिना आंटी, म्हणजे रॉनीची आई, मागच्या बाकावर होत्या. त्यांनी खांदा हलवून उठवलं. म्हणाल्या, घोरतोस रे. आणि रॉनी वाट बघतोय तुझी, दुपारभर दाराकडे बघत असतो. उद्या येतो म्हटलं.

२३ मार्च
शनिवारी जमलं नाही, फीस्ट कमिटी. आज कम्युनियन दिलं आणि निघालो. पुढची घरं होती. रॉनी काही बोलला नाही. प्रगती दिसतेय.

३० मार्च
फादरांनी सेमिनार ठेवलाय: ‘वैयक्तिक भक्ती, सेवेचा पाया’. स्वतःच्या प्रार्थना-जीवनाविषयी कोणीतरी साक्ष द्यायची आहे. माझं नाव मीच सुचवलं, दुसरं कोणी सुचवेपर्यंत वेळ गेला असता. आजची सकाळ बॅनरवाल्याकडे गेली, म्हणून रॉनीकडे कम्युनियन नेणाऱ्या नव्या मिनिस्टरला, झेवियरला पाठवलं. तो तिथे तासभर बसला म्हणे! या नव्या लोकांना वेळेची शिस्त नाही.

५ एप्रिल
साक्ष जोरदार झाली. पहाटेच्या शांततेत देवाशी माझं बोलणं कसं होतं, ते सांगितलं. एका आजारी मित्राला मी प्रार्थना शिकवतोय, हेही सांगितलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. टाळ्या. फादरांनी वाजवल्या नाहीत, त्यांच्या हातात माइक होता.
घरी शॅरन एवढंच म्हणाली की दूध रोज मीच आत घेते.
मेलनीचे मिस्ड कॉल दिसले. पावित्र्य राखायला फोन सायलेंटवर ठेवला होता. रॉनी विचारतोय, आज येशील का, असा मेसेज होता. हात जोडलेला इमोजी पाठवला.

६ एप्रिल, रविवार
हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
रॉनीला आता कम्युनियनचा एवढासा तुकडाही पाण्याशिवाय गिळवत नाही. मेलनीने त्याला माझ्या साक्षीचा व्हिडिओ दाखवला होता. म्हणाला, एक नंबर बोललास. आता ते पहाटेचं इथे कर, माझ्यासोबत. कार्ड नको. मेलनी आणि अँजेलिना आंटी गुडघ्यांवर बसल्या. मी डोळे मिटले. तोंड उघडलं. आणि आवाज आला: सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. कृपया आपले मोबाइल बंद ठेवावेत.
पुढे थांबता येईना. फादरांचे आभार मानले, डेकोरेशन कमिटीचे मानले. रॉनी हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला. म्हणाला, नंतर चहा आहे का रे? मेलनी हसली नाही.
मग प्रभूची प्रार्थना सुरू केली. ती तरी पाठ असणार. ‘आमची रोजची भाकर’पर्यंत आलो आणि पुढे कोरं. मिस्सामध्ये त्या वेळी मी कायम मागे असतो, कलेक्शनच्या पिशव्या मोजायला. बाकीची आंटींनी पुरी केली.
रॉनीने माझा हात धरला. तुला पण येत नाय ना, असं विचारलं. रागाने नाही. उलट सुटल्यासारखा दिसला. मी म्हटलं, घसा बसलाय. तो म्हणाला, अरे मग बरंय ना, दोघांनाही येत नाय. नुसता बस. दोघं मिळून बसू, बघू काय होतं ते. एकट्याला भीती वाटते रे.
अजून दोन घरं बाकी होती. उद्या नक्की येतो, असं सांगून निघालो.

७ एप्रिल
ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीची मीटिंग. झावळ्या या वर्षी आखूड आल्यात, वाट लागलीय. शॅरन म्हणाली, झावळ्या राहू देत, रॉनीकडे जा. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

८ एप्रिल
सकाळी रॉनी गेला. मी दाढी करत होतो.

९ एप्रिल
मयत व्यवस्थित पार पडली. माइक, फुलं, गाण्यांच्या पुस्तिका, दफनभूमीकडे जायला बस, कुठेही गडबड नाही. सगळे म्हणाले, लेस्टर होता म्हणून झालं. कबरीपाशी फादरांनी मला माती टाकायला पुढे बोलावलं. मी म्हटलं, थांबा, बसवाल्याला वळवायला सांगून येतो.

१२ एप्रिल, शनिवार
आजारपणात भेटायला येणाऱ्यांसाठी मागेच दिलेल्या चर्चच्या खुर्च्या आणायला रॉनीकडे गेलो. मेलनीने अंगणात रचून ठेवल्या होत्या. एक कमी भरली. म्हणाली, ती आत आहे, त्याच्या पलंगाजवळ. रविवारी तू गेल्यावर त्याने मागून घेतली. सोमवारी भाऊ आला, त्याला बसू दिलं नाही. फादर आले, तेही उभेच राहिले. म्हणायचा, ती लेस्टरची, आम्ही दोघं बसणार आहोत.

आत गेलो. गादी काढलेली, नुसता पलंग. खुर्चीवर बसलो. स्वयंपाकघरात आंटी भांडी लावत होत्या. इथे माइक नव्हता, काही मांडायचं नव्हतं, पुढची घरं नव्हती. डोळे मिटले. रॉनी म्हणाला होता तसंच आहे. नुसती भीती वाटते. मी त्याला सांगायला हवं होतं की मलाही वाटते. तेवढ्यावर सुरुवात झाली असती.