परसाडीहच्या गवतातला किरकिऱ्या

१५ फेब्रुवारी, रविवार

नाही आला! याही रविवारी उजाडायच्या आधीपासून परसाडीहच्या तलावावर गवताच्या कडेला उभा होतो, डोळे मिटून. किरकिऱ्याचा पत्ता नाही.

किरकिऱ्या हे माझंच नाव. पुस्तकात तो ग्रासहॉपर वार्बलर. चिमणीहून लहान, मातकट, गवताच्या बुडातून उंदरासारखा पळणारा. दिसणं जवळजवळ अशक्य; हे एवढाले कॅमेरे घेऊन येणारेही हात हलवत परत जातात. पण हिवाळा सरला, उत्तरेकडे परतायचे वेध लागले, की पहाटे पहाटे गातो. गातो कसला, शिवणयंत्र चालवतो! एका दमात किर्रर्र, संपता संपत नाही. त्याला बघायचं नसतं, ऐकायचं असतं. आणि या तलावावर तो पहिल्यांदा ऐकला मी. आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींत मला उगाच कानसेन म्हणत नाहीत. वीज मंडळात होतो तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीवरून सांगायचो, आज हा दगा देणार. द्यायचा!

मग यंदा हा का आला नाही? डोक्यातून जात नाही.

१८ फेब्रुवारी

धर्मपालचा फोन. तलावाचं काम पाहणारा इंजिनिअर. आईवडील भंडाऱ्याचे, हा इकडे हिंदी मुलखातच वाढलेला; मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. पंचायतीनं 'सौंदर्यीकरण' काढलंय. घाट, फरसबंद रस्ता, दिवे, बाकडी. म्हणाला, "काका, काम एक ही साइड में होगा. आप लोग बता दो, चिड़ियों के लिए कौन-सी साइड छोड़ें."

गृहस्थ चांगला आहे. विचारतो तरी! नाहीतर आधी जेसीबी येतो, मग बातमी.

आता पश्चिमेला उघडं पाणी, बदकांचं. पूर्वेला चिखल, पाणगवत, बेशरमाची झुडपं. लोकांना ती घाण वाटते. किरकिऱ्या राहतो तो तिथेच. तो असेल तर पूर्व सोडायला सांगायची. बदकं काय, शेजारच्या तलावावर जाऊन बसतील. नसेल तर पूर्वेच्या गवतासाठी कुठल्या तोंडानं भांडू? होळी झाली की काम सुरू. एक मार्चच्या रविवारी ऐकतो आणि सांगतो म्हटलं.

आमच्या मंडळींतला दिवाकर म्हणाला, "तू म्हणशील तेच. आमाले काय समजते त्याच्यातलं!"

२२ फेब्रुवारी

आजही नाही. गवताच्या पात्यावर बोट फिरवलं, काळं झालं. उरल्याच्या कारखान्यांतल्या रोलिंग मिलची धूळ इथवर येते. त्याचे किडेच मेले असतील का? की वाटेतच कुठे काही झालं? एवढासा जीव, हजारो मैल येतो आणि मी इथे धुळीला शिव्या देत बसलोय.

प्रमोदिनी म्हणते, "पक्षी नाही आला तर घरात काहून फुगून राहिले जी? मी आहे नं!" बायको आहे, पक्षी नाही, हे तिला कोण सांगणार.

१ मार्च, रविवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

दिवाकर आणि गंधाली बरोबर. गंधाली दाताची डॉक्टर, दिवाळीनंतर आमच्यात आली. नागपूरकडची पोरगी, पण बोलते हिंदी. प्रश्न फार विचारते. मला आवडतं ते. पाण्यावर धुकं होतं, बांधावर पळस पेटलेला. तलवार बदकं शेपट्या वर करून डोकी बुडवून चरत होती. "काका, ये उलटे क्यों हो जाते हैं?" म्हटलं, जेवण खाली आहे, तोंड वर ठेवून कसं चालेल! शेकाट्या लांब गुलाबी पायांवर चिखलात जपून चालत होत्या. कमळाच्या पानावर एक पिसांचा गोळा दिसला, त्याला सहा-आठ पाय! पिल्लं पंखाखाली घेतलेला कमळपक्षी असणार. या दिवसांत पिल्लं? दुर्बिणी धावल्या, तोवर तो गोळा पानाआड गेला. काय होतं ते कळलंच नाही. दिवाकर म्हणतो नुसती मुळं होती. मला पटत नाही. पुन्हा जाऊन बघायला हवं.

मग पूर्वेकडे गेलो. आमच्यात एक रीत आहे. कान लावायची वेळ आली की बाकीचे दुर्बिणी खाली करतात आणि माझ्याकडे बघतात. मी बोट वर केलं की पक्षी आहे. नाही केलं की नाही. मध्ये कोणी बोलायचं नाही. दिवाकर तर कानाचं मशीन घरीच ठेवून येतो. बारीक ऐकायचं खातं तुझं, म्हणतो.

उभा राहिलो. टिटवी ऐकली. लांबून मालगाडी ऐकली. पाणकोंबडीचं कुरकुरणं. बोट खालीच राहिलं.

परत फिरताना गंधाली हळूच म्हणाली, "काका, झींगुर दिन में भी बोलते हैं क्या?"

"रातकिडा? कुठे?"

"यहीं, घास में. कब से चल रहा है."

थांबलो, वाकलो, कान दिला. काही नाही. म्हटलं, गप्प झाला असेल, आपण आलो ना जवळ. तिनं एकदा गवताकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे. मोबाईल खिशात टाकला आणि चालायला लागली.

दुपारी धर्मपालला सांगून टाकलं. पूर्वेला आता काही उरलं नाही, पश्चिम राखा. सांगताना जीव तुटला. पण खोटं कसं सांगू? मी ऐकलंच नाही तर आहे कसं म्हणू?

२ मार्च

तो किडा कोणता? रातकिडा सकाळच्या गारव्यात, ओल्या गवतात, सारखा ओरडेल? जमत नाही. सकाळपासून हेच. कृषी कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं, तेही म्हणाले विचित्र आहे. नवीनच काही निघालं तर!

गंधालीला फोन केला. तिनं तिथेच रेकॉर्ड केलं होतं. लगेच पाठवलं. ऐकलं. वारा, दिवाकरचं खोकणं, शेवटी टिटवी. बाकी कोरं. तिला कळवलं, "तुझ्या किड्यानं दगा दिला, फाइल रिकामी आहे."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "ठीक है काका."

३ मार्च, होळी

प्रमोदिनी गोल बाजारातून साखरेच्या गाठ्या घेऊन आली होती. पुरण शिजत होतं. मी ओट्याशी उभा राहून फाइल पुन्हा लावली, आवाज अगदी वर करून. कुठे तरी एखादी चिरक सापडेल म्हणून.

"बंद करा नं ते! काहून कानाशी किर्रर्र लावून राहिले?"

"कोणतं किर्रर्र?"

"हे काय, चालूच आहे! शिलाई मशीनवानी. डोकं उठवलं त्यानं."

मी तिच्या पाठीमागे गेलो. बंद केलं. "आता?" "आता बंद." चालू केलं. "आता?" "चालू. काय पोरखेळ करून राहिले जी सणासुदीले?" पुन्हा बंद. पुन्हा चालू. एकदाही चुकली नाही. मला दर वेळी तोच वारा.

मग ती वळली. माझं तोंड पाहिलं. गॅस बंद केला आणि मला खुर्चीवर बसवलं. माझ्या कानांचं तिला माहीत होतं बहुतेक, आधीपासूनच.

म्हणजे तो आला होता. दर रविवारी. मी डोळे मिटून उभा असायचो आणि तो पायांपाशी जीव तोडून गात असायचा. धुळीला शिव्या, मिलला शिव्या! आणि त्या पोरीला ऐकू आलं होतं, पण माझं बोट वर गेलं नाही म्हणून तिनं पक्ष्याचा किडा केला.

रडलो. या वयात, भर सणाच्या दिवशी. लाज वाटली नाही, वाईट वाटलं. टिटवी ऐकू येते, मालगाडी येते, पण तो बारीक आवाज आता मला कधीच नाही. मागच्या वर्षीचा शेवटचा होता आणि मला ते कळलंही नाही.

४ मार्च

धर्मपालला फोन. मागे रंगाचा गोंधळ. म्हटलं, पूर्वेच्या गवताला हात लावू नको, पक्षी आहे. वैतागलाच. "काका, इतवार को तो आपने ही मना किया! अब आपने खुद सुना क्या?"

"नाही. गंधालीनं ऐकलं. मले ऐकू येत नाही आता. यापुढं तिलेच विचारत जा."