चार नंबरचा जड खटका

मी, मार्तंड गोविंद आठल्ये, वय चौपन्न, राहणार मुलुंड पूर्व, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करताना, सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो: या घरात माझ्या चष्म्याच्या डबीत चष्मा सोडून सर्व काही सापडते. सेफ्टी पिना, लवंगा, आणि गेल्या महिन्यात गोळ्यांची एक पट्टी. आधार-आधेय, म्हणजे डबी आणि तिच्यातली वस्तू, या संबंधाची अशी विटंबना कोणत्याही शास्त्राला मान्य नाही. सोमवारी माझी अँजिओप्लास्टी आहे. डॉक्टर 'किरकोळ' म्हणतात. हृदय त्यांचे नाही.

१. घर व ठेवी पत्नी वसुधा हिला. माझी संस्कृत पुस्तके तिने रद्दीत घालू नयेत. घातलीच, तर मूळ आणि टीका एकाच गठ्ठ्यात असावीत.

२. विक्रोळीच्या प्रयोगशाळेतला पितळी खटका माझ्या तेव्हाच्या सहकारी माधुरी पालव यांना. तिथे आम्ही दोन उत्तेजक औषधे उंदरांवर ताडून पाहत होतो. पहिले तीन नंबरच्या पेटीत, दुसरे चारच्या. उंदराने खटका दाबला की औषधाचा थेंब मिळे, पण पुढच्या थेंबासाठी आणखी जास्त वेळा दाबावा लागे. तो जिथे नाद सोडेल, तेवढी त्या औषधाची ओढ. खंडेनवमीला आम्ही सगळे खटके काढले, घासले, हळदकुंकू वाहिले आणि पुन्हा बसवले. कुठला कुठे, याची खूण करायची राहिली. त्यानंतर चारमधले उंदीर लवकर थांबू लागले.

"आठल्ये सर, चारचा खटका जड लागतोय हो," माधुरीबाई म्हणाल्या.

"बाई, खटका जड नाही. तुमचा नवरात्राच्या उपासांचा अशक्तपणा अजून गेलेला नाही!"

सगळे हसले. अहवालात गेले: दुसऱ्याची ओढ कमी. औषध सौम्य होते की खटका जड, हे मला आजही सांगता येत नाही. बाईंची या कलमान्वये माफी मागतो.

३. माझी प्रयोगाची वही चिरंजीव अनय यास. सीएच्या अभ्यासासाठी तो तेच दुसरे औषध घेतो. डबीतली पट्टी त्याचीच. "बाबा, लाइट असतं यार. तुमच्याच लॅबचा रिपोर्ट आहे ना?" मी पट्टी माळ्यावर टाकली; त्याने काढली. कपाटात कुलूपबंद केली. त्याने किल्ली शोधली. चेंबूरला त्याच्या आत्याकडे ठेवली. ऐन परीक्षेच्या आठवड्यात चिरंजीव आत्याला भेटून आले. आत्या खूश.

मुलुंड पूर्व, १४ नोव्हेंबर २०२५.
साक्षीदार: केतन दुदवडकर, कुंदा राऊत (दोघे शेजारी).
सही: मा. गो. आठल्ये

सहीखालचा मजकूर कायदा धरत नाही, म्हणून हे इथे. पट्टी मला पहिल्याच दिवशी फेकता आली असती. मी ती लपवत गेलो, कारण तो कुठे थांबतो ते मला मोजायचे होते. तो अजून थांबलेला नाही. मला भीती वाटते.