बाबांच्या घंटीचा पत्ता

२ मार्च, सकाळी ९
बाबांना अर्धांगवायू होऊन तीन आठवडे झाले. बोलणं गेलं, डावा हात तेवढा चालतो. हाक मारणार कशी? ताई म्हणाली, बाजारातून साधी बेल आण. एकोणीस वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवणारा माणूस वडिलांसाठी बेल विकत आणणार? छोटा कॉम्प्युटरच करतो. तीन बटणं: पाणी, बाथरूम, कूस बदलणे. रविवारी तयार. रजा टाकली.

४ मार्च
मेमरीचा नकाशा काढला. देखणा झालाय. एकूण चौसष्ट हजार पत्ते. खालचे अर्धे मेमरीला, वरच्या टोकाला प्रोग्राम, मधे बटणं आणि घंटी. प्रोसेसरला वाटतं आपण मेमरीतलंच एखादं घर वाचतोय, प्रत्यक्षात तो बटण वाचत असतो. घंटीच्या पत्त्यावर काही लिहिलं की घंटी वाजते. ताईला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, बाबांची चादर बदलायला हात लावतोस का? नेमका कामात होतो.

८ मार्च, रविवार
तयार नाही. रविवार म्हटलं होतं. कुठला, ते म्हटलं नव्हतं.

११ मार्च, दुपारी
जोडणी पूर्ण. घंटी आपोआप वाजते. ताई गॅस बंद करून तीनदा धावली, तिन्ही वेळा बाबा झोपलेले. बाबा खरंच बटण दाबतात तेव्हा शांतता. लॅब असिस्टंटने फोनवर विचारलं, सर, सोळावी ॲड्रेस लाइन, पत्त्याची शेवटची तार, जोडलीत ना? नाहीतर एकाच पत्त्यावर मेमरी आणि घंटी दोघंही ओ देतील. एवढ्याशा प्रोग्रामला सोळावी कशाला? बेसिक कच्चं आहे त्याचं.
टेस्टिंगसाठी घंटी काढून टेबलावर घेतली.

१३ मार्च
बाबा पडले. ताई औषधं आणायला गेली होती. मी शेजारच्या खोलीत सोल्डरिंग करत होतो. घंटी टेबलावरच, वायर सुटी. बाथरूमचं बटण किती वेळ दाबत होते कोण जाणे. शेवटी स्वतःच उठायला गेले. कपाळाला तीन टाके.
डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी नव्हतं का? ताई म्हणाली, नव्हतं. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

१४ मार्च
सोळावी लाइन जोडली. आता अचूक चालतं. असिस्टंटला कळवलं की माझाही अंदाज तोच होता. ट्रायलसाठी बटणं बाबांच्या हाताशी ठेवली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थकले असतील.

१६ मार्च
ताईने इलेक्ट्रिशियन बोलावला. एक बटण, दोन वायरी, एक बेल. चहासकट वीस मिनिटं.
साडेपाचला बेल वाजली. ताई गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी धावत गेलो. काय हवं, विचारलं. पाणी? बाथरूम? बाबांनी डावा हात हलवून नको म्हटलं आणि दाराकडे बोट दाखवलं.
गच्चीवर जाऊन ताईला सांगितलं, बाबा बोलावतायत. उरलेले कपडे मी काढले.