मग्दालीयेचा अश्रू गेला कुठे

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
कपाळावर राख लागली. आता ईस्टरपर्यंत काय सोडायचं? चॉकलेट मी खात नाही आणि बिअरशिवाय जेवण खाली उतरत नाही. गोडेलीव्ह म्हणाली, यंदा संशय सोड. बायकोनं माझ्या स्वभावाचा इतका बारीक अभ्यास कशासाठी केला असावा, हा वेगळा प्रश्न. तरी मान्य केलं. संकल्प: ईस्टरपर्यंत कोणावरही संशय घ्यायचा नाही.

संध्याकाळी. एक नोंद, संशय म्हणून नव्हे. कॅथीड्रलच्या मुख्य वेदीवरचं चित्र दीड वर्षाच्या साफसफाईनंतर काल परत आलं. काल, म्हणजे मी शाळेत लॅटिन शिकवत असताना. आजपासून उपवासकाळ, म्हणून प्रथेप्रमाणे चित्राची लाकडी दारं मिटली. ती उघडणार ईस्टरच्या आदल्या रात्री. चित्र उघडं होतं ते एकच दिवस, आणि नेमका त्या दिवशी मी नव्हतो. योगायोग. योगायोगच.

२५ फेब्रुवारी, शनिवार
आजची टूर. गेली अठरा वर्षं दर शनिवारी मी कॅथीड्रल दाखवतो, केवळ कलेच्या प्रेमापोटी. खांब, काचा, ऑर्गन भराभर उरकतो. लोक येतात ते मग्दालीयेसाठी. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात ही ख्रिस्ताची शिष्या उभी आहे, हातात रुमाल, गालावर मोहरीएवढा एकच अश्रू. तो प्रथम माझ्या ध्यानात आला. त्याआधी कित्येक शतकं कोणाच्याही नाही. मी नुसतं बोट दाखवतो आणि गप्प राहतो. करुणरसाचा परिपाक मौनातच होतो. दोनतीन बायका पर्समध्ये रुमाल शोधू लागतात. या विषयावर माझी पुस्तिकाही आहे, ‘एका अश्रूचे मौन’. दुकानात ती पोस्टकार्डांच्या मागे कोण ठेवतं, हे मी... नाही. संकल्प.

आज मिटलेल्या दारांसमोर उभं राहून अश्रूचं वर्णन केलं. एक डच गृहस्थ बायकोला म्हणाले, म्हणजे आपण दार बघायला आलो तर.

४ मार्च
चीजच्या दुकानात इने भेटली. चित्र साफ केलं ते हिनंच. माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, सर, ईस्टरला तुम्हाला गंमत वाटेल बघा. कसली गंमत, विचारलं. आधी सांगितलं तर गंमत कसली, म्हणाली आणि अर्धा किलो चीज घेऊन गेली.

घरी आल्यावर आठवलं. हिला मी चौथ्या वर्षाला नापास केलं होतं. सुडासाठी वीस वर्षं थांबणारी माणसं रोमन इतिहासात ढिगानं सापडतात.

११ मार्च
शांतपणे विचार केला. शक्यता दोन. एक, तिनं अश्रू पुसला. दोन, चित्रच बदललं, आणि अस्सल मग्दालीया कुठल्या तरी धनिकाच्या जेवणघरात सूप पिणाऱ्यांकडे पाहत रडते आहे. याला संशय म्हणत नाहीत, पूर्वपक्ष म्हणतात. गोडेलीव्हला ऐकवला. म्हणाली, लीव्हेन, तो अश्रू तिचा आहे की तुझा?

प्रश्न विचारण्याची ही पद्धत मला पटत नाही. अश्रू नसेल तर शनिवारी लोकांना दाखवू काय? खांब?

१६ मार्च
दोन दारांच्या फटीतून टॉर्चनं पाहण्याचा प्रयत्न. कोणाचा तरी कोपर दिसला. तेवढ्यात मागून रोम्बाउट आला, आमचा सॅक्रिस्टन, चर्चच्या किल्ल्या याच्याकडे. म्हणाला, काय मास्तर, वाळवी लागली की काय? हो म्हटलं, तीच बघतोय. म्हणाला, दाराला, की तुम्हाला? तासाभरानं फवारणीचा पंप घेऊन हजर, आणि फट मलाच दाखवायला लावली. माझ्यावर पाळत आहे, हे आता सिद्ध.

कोटाला अजून वास येतो.

२३ मार्च
उत्तम योजना. ईस्टरच्या प्रार्थनेत आमचा गायकवृंद गातो आणि त्यातच दारं उघडतात. वृंदप्रमुख वौटरकडे डाव्या टोकाची, वेदीला लागून असलेली जागा मागितली. आवाज तिथून घुमतो, असं कारण दिलं. म्हणाला, खुशाल उभे राहा, पण खर्जातले बाकीचे तिघे स्वरलिपीकडे बघत नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही उघडलं की ते उघडतात. एवढं सांभाळा.

बऱ्याच वर्षांनी कोणी माझ्या योग्यतेविषयी स्पष्ट बोललं. त्याला माझ्याकडून काय हवं असेल?

६ एप्रिल, पवित्र गुरुवार
ख्रिस्ताच्या मरणाचा शोक म्हणून आजपासून घंटा बंद, ऑर्गनला कुलूप. शनिवारी रात्रीपर्यंत सगळं काम लाकडी खुळखुळ्यांवर. घंटा रोमला उडून गेल्यात, येताना अंडी घेऊन येतील, असं आपण मुलांना सांगतो. अख्खं गाव दरवर्षी एकमुखानं हे सांगतं, आणि संशयी कोण, तर मी.

९ एप्रिल, ईस्टर
काल रात्रीचं आज लिहितो.

अंधार, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. मग ‘ग्लोरिया’, आनंदाचं स्तोत्र. तीन दिवस मुका असलेला ऑर्गन सगळ्या नळ्यांनिशी उसळला, घंटा सुरू झाल्या, रोम्बाउटनं दारं उघडली. मी पाहिलं.

गाल कोरडा.

पुन्हा पाहिलं. कोरडा. एवढ्यात खर्जाची जागा आली आणि गेली. माझं तोंड मिटलेलं, म्हणून तिघांचीही मिटलेली. इतरांनी कसंबसं पार पाडलं. वौटर नंतर म्हणाला, सगळ्या जगानं ख्रिस्त उठल्याचा आनंद केला, फक्त खर्जाला अजून कोणी कळवलेलं नाही.

१० एप्रिल
इनेच्या कामाच्या खोलीवर गेलो. अस्सल चित्र कुठे आहे, एवढंच विचारलं. आधी हसली. मग माझा चेहरा पाहून हसायची थांबली, कॉफी केली, चित्राचे मोठे फोटो पुढे ठेवले. म्हणाली, सर, तो व्हार्निशचा थेंब होता. मागे कोणी तरी घाईत हात मारला, त्याचा ओघळ. आणि हे बघा, काजळी काढल्यावर रुमाल निघालाच नाही. तो कागद आहे, त्यावर स्वर लिहिलेत. तोंडही उघडं आहे. ती रडत नाही. गाते आहे.

म्हटलं, गाता गाताही रडता येतं. म्हणाली, येतं ना, पण ही रडत नाही.

फोटो खोटे करता येतात. कॉफी मात्र चांगली होती, तेच खटकलं. लॅटिनचा विषय मुद्दाम काढला. म्हणाली, मी नापास झाले होते? मला वाटलं, तेव्हा मला कांजिण्या होत्या.

१५ एप्रिल, शनिवार
दारातच रोम्बाउटनं गाठलं. म्हणाला, मास्तर, मुख्य वेदी आजपासून इने मॅडमकडे, वरून सांगितलंय. तुमच्याकडे उत्तरेची बाजू. तिथं कोण येतं, विचारलं. म्हणाला, ऊन टाळणारे.

एका अर्थी ही बढतीच. गर्दीत अभ्यास होत नाही. पुस्तिका मात्र दुकानातून काढल्यात. गोडेलीव्हनं एक शब्द न बोलता सगळे गठ्ठे जिन्याखाली लावले. टोमणा मारायची इतकी चांगली संधी ती सोडते, याचा अर्थ माझ्याविषयी तिचं कोणाशी तरी बोलणं झालंय.

२२ एप्रिल, शनिवार
इनेच्या टूरमध्ये मागे उभा राहिलो, निव्वळ देखरेखीसाठी. वौटरनं त्या कागदावरचे स्वर वाचून काढलेत, वृंदातल्या दोघी चित्रासमोर ते गातात. कोणी रुमाल काढत नाही. लोक हसतात आणि आणखी एकदा गा म्हणतात. स्वर वाईट नाहीत. दुसऱ्या टूरलाही थांबलो, खात्री करायला.

मग माझ्या बाजूला. एक संत, एक अंधारी खिडकी, आणि चित्रासाठी पैसे देणाऱ्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याची तसबीर. माझ्या आधी इथे कोणी नीट पाहिलेलंच नसणार. व्यापाऱ्याच्या पांढऱ्या कॉलरवर एक माशी. इतकी हुबेहूब की पंखांच्या शिरा मोजाव्यात. आमच्या जुन्या चित्रकारांना अशी माशी रंगवायची हौस होती. नश्वरतेचं प्रतीक. हिची नोंद एकाही ग्रंथात नाही. पुस्तिका लागेल: ‘माशीचे चिंतन’. पुढच्या शनिवारपासून फक्त बोट दाखवायचं आणि गप्प राहायचं. इनेला यातलं अक्षर कळता कामा नये.

पावणेपाच. चष्मा पुसून जवळ गेलो. उडाली.